उलटं वाचणारी

"ए, उलटं वाचणारी, पुढं ये."

गुरुजी मला अशीच हाक मारायचे. हजेरीत माझं नाव होतं, पण पाहुणे आले की ते नाव चालायचं नाही. पाहुणे म्हणजे कधी केंद्रप्रमुख, कधी कारखान्याचे कुणी संचालक, कधी मोठ्या बागायतदाराचे पुण्याहून आलेले जावई. खुर्च्या मांडायच्या. नारळ, हार. मग चहा. चहा संपत आला की गुरुजी चौथीच्या रांगेकडे बघायचे आणि मी उठायची. गुरुजी पुस्तक माझ्यासमोर उलटं धरायचे. डोकं खाली, पाय वर. मी भरभर वाचायची, कुठंही न अडखळता. पाहुणे हसायचे, टाळ्या वाजवायचे. एखादा खिशातून गोळी काढून द्यायचा. पुस्तक मिटायचं. मी जागेवर जाऊन बसायची.

पुस्तकात काय लिहिलंय, ते मला कुणी कधी विचारलं नाही.

एकदा एका पाहुण्याला शंका आली. पुस्तक पाठ असेल हिला, म्हणाला. त्यानं आपल्याजवळचं वर्तमानपत्र उलटं करून माझ्यापुढं धरलं. मी तेही वाचलं. मग तो गुरुजींकडे वळला. माझ्याकडे नाही.

"यांच्यात असतं असं एखादं."

आमचं घर बौद्धवाड्यात. यांच्यात म्हणजे कुणात, ते मला चौथीत कळत होतं. गुरुजी हसले. मीही हसले. ते हसणं मला अजून आठवतं आणि अजून माझाच राग येतो.

हे उलटं वाचणं कुठून आलं ते सांगते. गाव शिरपूर तालुक्यात, तापीच्या अंगाला. तिकडे पपईच्या बागा आहेत. माय पपई गुंडाळायच्या कामाला जायची. झाडावरून उतरवलेलं फळ ट्रकमध्ये भरायच्या आधी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळतात, म्हणजे ते घासत नाही, लांबच्या मंडईपर्यंत धड पोचतं. बाया गोल करून बसतात. मधे रद्दीचा गठ्ठा. कागद ओढायचा, समोर पसरायचा, वर फळ ठेवायचं, दोन वळसे द्यायचे, की बाजूला. पपईचा चीक हाताला लागतो. कातडी सोलून निघते. मायच्या बोटांवर आता रेषा उरलेल्या नाहीत. रेशनच्या दुकानातलं मशीन तिचा अंगठा घेत नाही, ती तिथं उभी राहून बोट पुसते, परत लावते, परत पुसते.

सुट्टीच्या दिवशी मी तिच्यासमोर बसायची. मायला वाचता येत नाही. पण कागदावर फोटो असला की त्यातल्या माणसाचं तोंड आपल्याकडे करून ती कागद पसरायची. उलट्या माणसावर फळ ठेवायला तिला बरं वाटायचं नाही. त्यामुळं अक्षरं तिच्या बाजूनं सुलटी, माझ्या बाजूनं उलटी. वेळ किती? तर ती फळ उचलून कागदावर ठेवेपर्यंत. तेवढ्यात जेवढं वाचून होईल तेवढं माझं. नंतर बातमी पपईवर चढून निघून जायची. एखादी अर्धी राहिलेली बातमी दिवसभर डोक्यात राहायची. पुढं त्या माणसाचं काय झालं असेल?

शाळेनं मला अक्षरं दिली. वाचायला मी त्या गोलात शिकले.

मायनं हे हेरलं होतं. काही कागद ती गुंडाळायला वापरायचीच नाही, मांडीखाली सारायची. कोणते? तर ज्यावर एकही फोटो नाही असे. संध्याकाळी घरी आली की लुगड्याच्या ओच्यातून काढून द्यायची.

"चित्रं ते कोनलेबी समजतस. हाई बठ्ठं अक्षरांनं शे. तुनासाठे ठेयं."

आता फोटो नसलेली, सगळी अक्षरांचीच पानं म्हणजे काय असतं? निविदा, आणि जाहीर नोटिसा. कधी गुजराती कागद यायचे, कधी तेलुगू. तेही तिनं भक्तिभावानं राखलेले असायचे, कारण त्यावर अक्षरं दाट होती. ते मी नुसतेच बघायची. पण मराठी नोटिसा मी मन लावून वाचायची. तमाम लोकांस कळविण्यात येते की. सदर मिळकत. कोणाची हरकत असल्यास. बाकीच्या मुली कविता पाठ करायच्या, माझ्या तोंडात गट नंबर आणि चतुःसीमा. मला ती भाषा आवडायची. तिच्यात कुणी कुणाची विनवणी करत नाही. कळविण्यात येते म्हणजे येते.

मुकादमानं एकदा मायला कागद लपवताना पकडलं.

"ओ अक्का, कागद गुंडायाले शे, पोरले शिकाडाले नही."

मायनं मांडीखालचा कागद काढून दिला. दुसऱ्या दिवशी परत एक मांडीखाली होता.

चौथीत मी धडा न अडखळता वाचला, तेव्हा गुरुजी म्हणाले, "पाठ केलंय हिनं." बागायतदारांच्या मुली अडखळत वाचायच्या, त्याला ते वाचन म्हणायचे. माझं पाठांतर. मला खोटं पाडायला त्यांनी पुस्तक उलटं केलं. मी उलटंच वाचत गेले. वर्ग हसला. आणि त्या दिवसापासून मी शाळेचा खेळ झाले. सातवीपर्यंत.

नंतर शिकत गेले. धुळ्याला वसतिगृहात राहून बी.ए., मग एम.ए., मग सेट. मराठी विषय. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर लागले. म्हणजे जूनमध्ये तास मिळतात, उन्हाळ्यात संपतात, आणि पुन्हा जून येईपर्यंत आपण कुणीच नसतो. अशी अकरा वर्षं काढली. खरं सांगायचं तर दमून गेले होते. स्टाफरूममध्ये खुर्ची आहे पण कपाट नाही. वह्या पिशवीतून न्यायच्या, पिशवीतून आणायच्या. नव्या कायम प्राध्यापकाला पहिल्याच दिवशी चावी मिळाली. मी अभिनंदन केलं. काय करणार?

दोन वर्षांपूर्वी आमच्या तिसऱ्या वर्षाला एक आत्मकथन लागलं. दूर देशातल्या एका गुलाम बाईचं, मराठी अनुवादात. पुस्तकाचं नाव मी इथं घेत नाही. नाव घेतलं की लोक पुस्तकाबद्दल बोलायला लागतात आणि आपलं म्हणणं राहून जातं. बाई मालकाच्या घरी धुणं धुवायची. त्या घरातल्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात मालकाच्या घराण्याचं अक्षर भरतकामानं काढलेलं होतं. धुता धुता, इस्त्री करता करता तिनं ते अक्षर ओळखलं. मग इतर वस्तूंवरच्या पूर्ण नावातलं दुसरं, तिसरं. तिला वाचता आलेला पहिला शब्द म्हणजे तिच्या मालकाचं आडनाव. कारण घरात सगळ्याच वस्तूंवर तेच होतं.

विभागप्रमुख सरांनी तो पेपर मला दिला. "तुम्हाला जवळचा विषय आहे," म्हणाले. मी खूश झाले. जवळचा म्हणजे काय, ते तेव्हा मी विचारलं नाही.

शिकवताना मात्र त्या वर्गात मी दमलेली नसायची. साक्रीच्या, शिंदखेड्याच्या पोरी पुढच्या बाकांवर. पुस्तक वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि त्यांना वाटायचं, झालं, कळलं पुस्तक. मी म्हणायची, डोळे पुसा आणि परत वाचा. रडू येतं तसं लिखाण येत नाही. बाई शुद्धीवर आहे. कोणतं वाक्य कुठं ठेवायचं ते तिनं ठरवलंय. बघा, मालकाचं नाव ती पुस्तकभर एकदाही घेत नाही. चादरीवरचं नुसतं अक्षर वापरते. ज्यानं तिच्यावर नाव टाकलं त्याला तिनं एका अक्षराचा करून ठेवलाय. मग घरातल्या वस्तूंची यादी बघा. चादरी, चमचे, घोडे, आणि मधेच स्वतःला ठेवते. पुढं परत वस्तू. त्यावर एक शब्दही बोलत नाही. न बोलण्यानं ते वाक्य किती जड झालंय? आणि प्रस्तावना बघा. एका सभ्य गृहस्थानं लिहिलीय, पहिल्या प्रकरणापेक्षा लांब. हे हिनंच लिहिलंय, मी साक्षीदार आहे, असं तो सांगतो. लिहिलं बाईनं, आणि खरं ठरवलं त्यानं.

मला सगळ्यात मोठी जागा वाटायची ती सातव्या प्रकरणातली. मालकानं तिच्या बहिणीला विकलं, त्या दिवसापाशी ती येते. वाचणारा सावरून बसतो. आणि बाई तिथं थांबते. त्या दिवसाचं ती लिहीत नाही. तुम्हाला ते हवंय, हे तिला माहीत आहे, आणि म्हणूनच देणार नाही, अशा अर्थाचं सांगून ती सरळ पुढच्या वर्षावर जाते. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, हे तर दार लावून घेतल्यासारखं झालं." मी तिला म्हटलं, हेच उत्तर लिही परीक्षेत.

त्याच वर्षी आमच्याकडे चर्चासत्र ठरलं. विषय, आत्मकथनांतील कथनतंत्र. मी निबंध लिहिला. दीड महिना राबून, सकाळी तासांच्या आधी बसून. विषय तोच, त्या बाईचं न सांगणं. अकरा वर्षांत मनापासून केलेलं ते एक काम होतं. तो निबंध वाचायचा आणि छापून यायचा, मला बाकी काही नको होतं. मला एकदा तरी वाचणारी म्हणून उभं राहायचं होतं.

निमंत्रणपत्रिका आली. सकाळी बीजभाषण, मग शोधनिबंध वाचन. त्यात माझं नाव नव्हतं. जेवणानंतरच्या सत्रात होतं. सत्राचं नाव अनुभवकथन.

मी सरांकडे गेले.

"अहो मॅडम, विश्लेषण करायला बाहेरून मोठे लोक येतायत. तुम्ही आपलं ते पपईचं सांगा. अस्सल आहे ते. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं."

पपईचं त्यांना कुणी सांगितलं? मीच. एका शिक्षकदिनी, चहा पिताना, आपुलकीनं. ही चूक माझी. आपण एखादी गोष्ट मैत्रीत सांगतो आणि समोरचा ती आपल्या फाइलीत लावून ठेवतो. सरांना मी पूर्ण माणूस म्हणून कधी दिसलेच नसेन. त्यांना तो किस्सा दिसत होता, आणि तो आणून देणारी एक बाई.

मी म्हटलं, निबंध वाचीन. ते म्हणाले, "वाचा की थोडा."

सभागृह भरलेलं. अध्यक्ष जळगावहून आलेले, नावाजलेले समीक्षक. मी निबंध काढला. प्रस्तावनेवरचा परिच्छेद वाचला, यादीवरचा वाचला. सातव्या प्रकरणापाशी आले तोवर सरांची चिठ्ठी आली. चिठ्ठीवर एकच शब्द, किस्सा. मी वाचत राहिले. अध्यक्षांनी माईक ओढला.

"मॅडम, तंत्राचं आम्ही सकाळपासून ऐकतोय. तुम्ही तुमचं सांगा."

लोक हसले. दुष्टपणानं नाही, जेवून आलेले लोक हसतात तसं. मी कागदांची घडी केली आणि पपईचं सांगितलं. का सांगितलं? जून डोळ्यांपुढं होता. आणि दमले होते. दमलेलं माणूस सगळ्यात आधी 'नाही' म्हणायचं विसरतं.

सांगून झालं. पहिल्या रांगेत एक बाई डोळे टिपत होत्या. मग सर उठले. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं. त्यांनी ते घरून आणलं होतं की तिथंच मिळालं, मला माहीत नाही. त्यांनी घरून आणलं असंच मी धरून चालते.

"मॅडम, एकदा वाचून दाखवाच."

त्यांनी ते माझ्यासमोर धरलं. डोकं खाली, पाय वर.

अडतीस वर्षांची बाई मी. समोर दोनशे माणसं, त्यात माझ्या वर्गातल्या पोरी. मी वाचलं. भरभर, न अडखळता. चौथीतला तोच आवाज माझ्या तोंडून आला. टाळ्या झाल्या. शाल आणि गुलाबाचं फूल मिळालं. ती दार लावून घेण्याचं बोललेली पोरगी तिसऱ्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. खाली बघत होती.

लाज वाटली. रागही आला, पण लाज आधी. दार लावून घेणाऱ्या बाईवर दीड महिना लिहिलं, आणि स्वतःचं दार सताड उघडून सगळ्यांना आत घेतलं. शाल पिशवीतून काढलीच नाही, अजून तशीच आहे.

तरी मनात होतं, निबंध छापला तरी पुरे. चर्चासत्राचा अहवाल पुस्तकरूपानं निघणार होता. चार महिन्यांनी निघाला. मला एक प्रत मिळाली. सगळ्यांचे निबंध होते, माझा नव्हता. शेवटी एक पान होतं. वर मथळा, 'उलट्या अक्षरांची सुलट कहाणी'. खाली माझं नाव. आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, शब्दांकन, आणि सरांचं नाव.

मी ते बसस्टँडवर वाचलं नाही. गावी चालले होते, पुस्तक पिशवीतच ठेवलं. घरी मायनं पिशवीत हात घालून तेच काढलं.

"तुनं नाव शे का यामा?"

"शे."

"वाच मंग."

माय भिंतीला टेकून बसली. पदर नीट केला. लेकीचं छापलेलं ऐकायचं म्हणून. मी वाचायला लागले. माझ्याच तोंडानं, मी, मी, मी करत. त्या पानात मी म्हणत होते, माझी अडाणी आई माझ्या हातातून कागद हिसकावून घ्यायची. वाचून पोट भरतं का, म्हणत पाठीत धपाटा घालायची. मग रात्री मला कवेत घेऊन ढसाढसा रडायची. मी म्हणत होते, एका गुरुजींच्या परिसस्पर्शानं माझ्या आयुष्याचं सोनं झालं. आणि शेवटी मी म्हणत होते, आज मी जी काही आहे ती आमच्या विभागप्रमुखांच्या प्रोत्साहनामुळं.

मायनं पान आपल्याकडे ओढून बघितलं. मग म्हणाली, "हाई कोन बाई शे?"

"तू."

"मी तुना हातमाईन कागद कवय हिसकाई लिधा?"

मी पुस्तक मिटलं.

"मी कवय रडनू? तू सांगं का त्यासले हाई?"

"नही माय. मी नही सांगं."

"मंग कोन लिखं?"

"मना सर."

मायनं आपल्या हातांकडे बघितलं. त्या गुळगुळीत बोटांकडे. तिनं राखलेला एकेक कागद मला आठवत होता. तिलाही आठवत असेल. ती चिडली नव्हती, तिला काही कळेनासं झालं होतं. आपण जिवंत बसलोय आणि आपल्याबद्दल हे असं छापून कसं येतं?

"तू इतली शिकेल शे," ती म्हणाली, "मंग खोटं तसंच ऱ्हाऊ देशी का?"

एवढंच बोलून ती चूल पेटवायला उठली. आणि मी तिथं, चाळीशीला टेकलेली, त्या एका प्रश्नापुढं बसून राहिले. सभागृहात मी माझा अपमान सोसला होता. माझा होता, मी गिळला. हा मायचा होता. तो गिळायचा हक्क मला कुणी दिला?

त्या दुपारी मी पेन घेतलं आणि ते पान शिकवतात तसं वाचलं. डोळे पुसून, परत. काय केलंय इथं? माझ्या नावानं 'मी' बोलते, पण कर्तेपण एकदाही माझ्याकडे नाही. आईनं मारलं, गुरुजींनी घडवलं, सरांनी प्रोत्साहन दिलं. मी पानभर नुसती घडते आहे. आई अडाणी केली, कारण ती शहाणी असती तर गुरुजींची गरजच उरली नसती. तिला रडवलं, कारण तिच्या रडण्यावर वाचणाऱ्याला रडता येतं आणि रडलं की आपण चांगले आहोत असं वाटतं. मुकादम पानात नाही. 'यांच्यात असतं' म्हणणारा पाहुणा नाही. म्हणजे दोष द्यायला आमच्या घराबाहेरचं एकही माणूस ठेवलेलं नाही. आणि तळाचं ते शब्दांकन म्हणजे त्या गृहस्थाची प्रस्तावनाच. फक्त अक्षर बारीक.

सर भाबडेपणानं लिहितात असं मला वाटायचं. छे. तेही शुद्धीवर होते.

सोमवारी ते सगळं दोन पानांत लिहून मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, हे पान काढा, माझा निबंध लावा.

त्यांनी चष्मा काढला. "अहो, हृदयस्पर्शी केलंय. शब्दांकन म्हटलं की थोडं इकडंतिकडं होतंच."

"माझ्या आईनं मला मारलं नाही, सर."

"वाचकाला कुठं माहितीय?"

"मला माहितीय."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग आवाज खाली आणून, काळजीनं बोलावं तसं म्हणाले, "मॅडम, फार मनाला लावून घेता तुम्ही. जूनमध्ये नव्यानं तासांचं वाटप आहे. उगाच कशाला?"

जून. अकरा वर्षं हा एक शब्द मला गप्प बसवत होता. त्या दिवशी तो ऐकला आणि काही झालं नाही. भीती वाटली नाही असं नाही, वाटली. पण ती जुनी होती, ओळखीची होती, आणि मला तिचाही कंटाळा आला होता. मी म्हटलं, "ठेवा तुमचा जून," आणि बाहेर आले.

आता छापलेलं खोटं पुसायचं कसं? पुस्तक ग्रंथालयांत गेलेलं. मला एकच रीत माहीत होती, लहानपणी मांडीखालून मिळालेली. मी धुळ्याच्या एका वर्तमानपत्राच्या जाहिरात खिडकीवर गेले.

खिडकीतल्या भाऊंनी न बघताच विचारलं, "नावात बदल, की कागदपत्रं गहाळ?"

"हरकत."

"मिळकत कुठली?"

मी कागद पुढं केला. त्यांनी वाचला. परत वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ताई, मुलाशी संबंध तोडल्याच्या नोटिसा येतात. पानाशी तोडल्याची पहिलीच." पेनचं टोक एका शब्दावर ठेवून म्हणाले, "हे 'रडू नये' काढू का? नोटिशीत असं नसतं."

"राहू द्या," मी म्हटलं.

जूनमध्ये तास मिळाले नाहीत. अपेक्षितच होतं. आता धरणगावला एका कनिष्ठ महाविद्यालयात जाते, अमळनेरमार्गे बस बदलून. जाऊन येऊन जीव मेटाकुटीला येतो. तिथंही खुर्ची आहे आणि कपाट नाही. मी जिंकले वगैरे काही नाही. सर अजून विभागप्रमुख आहेत, आणि ते पान अजून त्या पुस्तकात आहे.

पण ज्या दिवशी नोटीस आली त्या दिवशी मी ते वर्तमानपत्र घेऊन गावी गेले. मायसमोर बसले नाही. तिच्या शेजारी बसले, भिंतीला टेकून, म्हणजे कागद दोघींनाही सुलटा दिसेल. त्या पानावर एकही फोटो नव्हता. मायनं त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बठ्ठी अक्षरंच शेतस." मग मी वाचलं. खाली माझं नाव आहे, आणि मधे मायचं. ते मी इथं लिहीत नाही. बाकी नोटीस अशी.

जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की, एका चर्चासत्राच्या अहवालात माझ्या नावाने जे अनुभवकथन छापले आहे ते मी लिहिलेले नाही व तसे घडलेलेही नाही. माझ्या आईने माझ्या हातून कधीही कागद हिसकावून घेतला नाही. तिने तो मुकादमाच्या नजरेआड माझ्यासाठी राखून ठेवला. सबब, सदर पानाच्या आधारे कोणीही माझ्या आईविषयी बोलू, शिकवू अगर रडू नये. माझे अनुभव व त्यांचे विश्लेषण ही दोन्ही माझ्या मालकीची व कब्जेवहिवाटीतली असून ती मी कोणासही लिहून दिलेली नाहीत. यापुढे मी कोणासमोरही उलटे वाचणार नाही. याबाबत कोणाची काही हरकत असल्यास ती त्यांनी स्वतःजवळ ठेवावी.